टेम्पोच्या पाठीवर

तुळशीराम घरताच्या टेम्पोमागे तुमची गाडी लागली, तर पळस्प्याच्या नाक्यापर्यंत करमणुकीची ददात नसायची. वाचायला एवढं असायचं. सगळ्यात वर तांबड्या अक्षरांत 'आई एकविरा प्रसन्न'. त्याखाली 'एकविरा मंडप डेकोरेटर्स, पनवेल'. मग हळद, लग्न, साखरपुडा, बारसं, वाढदिवस अशी सगळी शुभकार्यं. मग मोबाईल नंबर, मग ईमेलचा पत्ता, आणि तळाशी, खालच्या नंबरप्लेटवर कुणाला दिसला नाही तर पंचाईत नको म्हणून, वीतभर उंचीच्या पिवळ्या आकड्यांत पुन्हा एकदा ७११७.

हा आकडा म्हणजे तुळशीरामाचा जीव की प्राण. पहिला टेम्पो त्यानं जुना घेतला होता, तो हा नंबर घेऊनच आला, आणि तिथून त्याचे दिवस फिरले. त्याआधी तो दुसऱ्याच्या मांडवाचे बांबू वाहायचा. मग त्यानं ठरवलं, की देवीनं हा आकडा आपल्याला दिलेला आहे. त्यानंतर घरात आलेल्या प्रत्येक गाडीला, अगदी बायकोच्या स्कूटीलासुद्धा, आरटीओत जास्तीचे पैसे मोजून त्यानं तोच नंबर घेतला. मोबाईलच्या शेवटी तोच, गोदामाच्या आकडी कुलपाला तोच. भावकीतली माणसं म्हणायची, घरताकडं नातू झाला तर बारशाला त्याच्या कानात नाव नाही, ७११७ सांगतील. तुळशीरामाला ही थट्टा वाटतच नसे, त्याला तो मान वाटायचा.

मुलगा प्रणित स्टेज आणि लाइटिंगचं बघायचा आणि सजवलेल्या मांडवाचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायचा. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी टेम्पोची पाठ दिसलीच पाहिजे, असा बापाचा हुकूम होता. ऑफिस सांभाळायची सून, स्नेहल. ती उरणजवळच्या करंजा गावची, कोळ्यांची मुलगी. प्रणितनं हट्टानं तिच्याशीच लग्न केलं होतं. तुळशीरामानं होकार दिला, लग्नात नाचलाही, पण मनाच्या एका कोपऱ्यात 'आपल्यातली असती तर' हे त्यानं ठेवलं होतं ते ठेवलंच होतं. पोरगी मात्र कामाची निघाली. आधी सगळ्या ऑर्डरी तुळशीरामाच्या डोक्यात आणि खिशातल्या चिठोऱ्यांवर असायच्या. तिनं त्या कम्प्युटरवर आणल्या. कुणाची हळद कधी, पडदे कुठल्या रंगाचे, पावत्या कुणाला गेल्या, सगळं एका जागी, आणि ते फोनवरूनही उघडायचं.

हे सगळं लावून दिलं तिच्या भावानं. शैलेश बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात कम्प्युटरचं काम बघायचा. सुटीच्या दिवशी करंज्याहून यायचा, वेणूच्या, म्हणजे तुळशीरामाच्या बायकोच्या, हातची तांदळाची भाकरी खायचा, आणि काम करून जायचा. पैशाचं नाव काढलं तर हसायचा. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, पासवर्ड बदला. दोन, दुसरं कुलूप लावा, म्हणजे उघडताना मालकाच्या फोनवर कोड येईल आणि तो टाकल्याशिवाय आत जाता येणार नाही.

पासवर्ड होता देवीचं नाव आणि पुढं तो आकडा. तो बदलायचं तुळशीरामानं साफ नाकारलं. "देवीचा नाव पुसून तिथं काय एबीसीडी लिवू?" असं तो म्हणाला, आणि यावर करंज्याच्या पोरानं काय बोलावं? दुसरं कुलूप तेवढं लागलं. पण ते पहिल्याच आठवड्यात शिरढोणच्या एका हळदीत नडलं. तुळशीराम शिडीवर, तोंडात टाचण्या, खाली डीजे छाती फोडतोय, आणि ऑफिसातून स्नेहल फोनवर कोड विचारतेय. तिला ऐकू जाईना, ह्याला वाचता येईना. तो शिडीवरून आकडे ओरडू लागला तेव्हा खाली नाचणाऱ्या पोरांनी तेच आकडे तालावर घेतले. सगळा मांडव हसला. घरी येऊन त्यानं ते कुलूप काढायला लावलं. आपल्याच दुकानात शिरायला मी चिठ्ठ्या वाटत बसू का, असं तो सुनेला म्हणाला. तिनं एकदा सांगून पाहिलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

लग्नसराई ऐन भरात आली होती. एका सकाळी शिरढोणचा प्रभाकर पेढ्यांचा पुडा घेऊन ऑफिसात आला. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. त्यानं पेढा तुळशीरामाच्या हातावर ठेवला आणि सवलतीबद्दल आभार मानले. पैसे काल रात्रीच सगळे भरून टाकले, म्हणाला.

तुळशीरामानं पेढा तोंडात टाकला होता तो तसाच राहिला. कसली सवलत?

प्रभाकरनं फोन पुढं केला. नंबर अनोळखी होता, पण फोटो तुळशीरामाचा, टेम्पोला टेकून उभा असलेला. खाली मजकूर: आई एकविरा प्रसन्न, तुमच्या मुलीच्या लग्नाची तारीख अमुक, पडदे मोरपंखी, नवरीच्या आजीच्या गुडघ्यांमुळं स्टेजला पायऱ्यांऐवजी उतार, उरलेली रक्कम आज या नव्या खात्यावर भरल्यास खास सवलत. आजीच्या गुडघ्यांपर्यंत सगळं खरं होतं. फक्त खातं खोटं होतं.

दुपारपर्यंत ऑफिस भरलं. कुणी तारा गावचा, कुणी पनवेलचा, सगळ्यांच्या फोनवर तोच फोटो, आणि प्रत्येकाच्या घरचा तपशील बिनचूक. कुणी आरडाओरडा केला नाही, तेच वाईट होतं. शिव्या दिल्या असत्या तर तुळशीरामानं उलट दिल्या असत्या आणि मोकळा झाला असता. ते फक्त म्हणत होते, शेट, तुमचा फोटो बघून भरले. तुमचं नाव बघून भरले. तो त्यांच्यासमोर बसला होता आणि त्याचे कान तापून लाल झाले होते. आयुष्यभर कुणाच्या ऐन मांडवात दगा न देणारा माणूस, आणि आता ह्याच्या नावानं माणसं लुबाडली गेली होती. त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

आणि लाजेचं असं असतं, की ती आपल्या डोक्यावर घ्यायला कुणी राजी नसतो. माणूस शेजारचं डोकं शोधतो. गर्दीतून कुणीतरी सहज विचारलं, की शेट, पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक होता? तुळशीरामानं मोजलं. मी. प्रणित. सून. आणि तो. मनातला तो जुना कोपरा, इतके दिवस गप्प बसलेला, नेमका तेव्हा बोलला.

त्यानं फोन काढला, गिऱ्हाइकांचा आणि भावकीचा मोठा ग्रुप उघडला, आणि सगळ्यांच्या देखत बटण दाबून बोलायला सुरुवात केली.

"मंडली, मी तुळशीराम घरत बोलतंय. तुमचा एक पैसा मी खाल्ला नाय. आमचे घरानच भोक पडलाय. कम्प्युटर ज्यानी लावला, तो सुनेचा भाव, करंज्याचा शैलेश, चावी त्याचेकडं होती. बाकी तुमी समजून घ्या."

बोट उचललं, संदेश गेला. त्याला क्षणभर बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मग त्याचं लक्ष दाराकडं गेलं. स्नेहल चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

तिनं आलेल्या प्रत्येकाच्या हातात कप दिला, सासऱ्यालाही दिला. मग कम्प्युटरपुढं बसली आणि थोडा वेळ काहीतरी करत राहिली. प्रणित तिच्या खुर्चीमागं नुसता उभा, ना इकडं ना तिकडं. उठताना ती सासऱ्याला म्हणाली, "बाबा, पासवर्ड बदललाय. दुसरं कुलूपही लावलंय, कोड माझ्या फोनवर येईल. उघडायचं असेल तेव्हा फोन करा." आणि पर्स घेऊन ती स्टँडकडं गेली. प्रणित सोडायला निघाला, तिनं त्याला नको म्हटलं.

बघा, तुळशीराम मनात म्हणाला, चोराची बहीण जाताना चावी घेऊन गेली.

तिची बस उरणला पोचायच्या आत तुळशीरामाचा आवाज करंज्याला पोचला होता. हे त्याला नंतर कळलं. शैलेशचं लग्न ठरलं होतं, त्याच पाड्यातल्या रियाशी. तिचे वडील काशिराम, स्वतःची बोट असलेले, शब्दाचे पक्के. त्यांनी संध्याकाळी माणूस पाठवून शैलेशच्या आईला एवढंच कळवलं, की जरा थांबू. लग्न ठरलेल्या घरी 'जरा थांबू' आला, की पुढचं कुणी बोलून दाखवत नाही, आणि पाड्यात ते सगळ्यांना ऐकू जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्या गावाला कुठलं सामान पाठवायचं हे पाहायला तुळशीराम कम्प्युटरपुढं बसला. पडद्यानं कोड मागितला. प्रणित मांडवावर गेला होता. शेवटी त्यानं स्नेहलला फोन लावला. तिनं एकाच वाजण्यात उचलला, सहा आकडे सावकाश सांगितले, आणि ठेवला. रोज सकाळी असंच. तो फोन करायचा, ती आकडे सांगायची. कसे आहात नाही, जेवलात का नाही, नुसते आकडे. तिच्या भावाला ज्यानं चोर म्हटलं, त्याचं दुकान ती रोज उघडून देत होती. तुळशीराम हे पहिले काही दिवस मनावर घेत नव्हता, किंवा घेत नाही असं स्वतःला सांगत होता.

प्रणितनं दरम्यान सायबर हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली. काहींचे पैसे वाटेतच अडवले गेले, काहींचे गेले ते गेलेच. तक्रारीत संशयिताच्या जागी तुळशीरामानं शैलेशचं नाव घालायला लावलं होतं. मग त्याला पोलिसांच्या सायबर कक्षात बोलावणं आलं. गाडी प्रणितकडं होती, म्हणून हा टेम्पोच घेऊन गेला आणि आवारात खिडकीसमोर लावला.

आत एक तरुण बाई अधिकारी होत्या. त्यांनी शांतपणे सगळं विचारलं. धंदा कधीपासून, ऑफिसात कोण बसतं, दुसरं कुलूप होतं का, कुणी काढायला लावलं. मग म्हणाल्या, आधीचा पासवर्ड काय होता? आता बदललाय, सांगायला हरकत नाही.

तुळशीरामानं दोन्ही बाजूंना पाहिलं, पुढं वाकला, आणि गुपित सांगावं तसा हळूच म्हणाला, "एकविरा. सात, एक, एक, सात."

बाईंनी लिहिलं. मग त्यांचं पेन थांबलं. त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

"तो टेम्पो तुमचा?"

"आपलाच."

त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या. आई एकविरा प्रसन्न. मग ईमेलचा पत्ता, अक्षर न् अक्षर. मग आकडा. दारातला हवालदारही वाचायला येऊन उभा राहिला आणि त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. बाई हसल्या नाहीत. परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काका, याला पासवर्ड म्हणत नाहीत. ही पाटी आहे."

मग त्यांनी कागद समोर ठेवून समजावलं. खातं उघडलं गेलं ते दुसऱ्या राज्यातून. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा उघडलं. अशी टोळकी इंटरनेटवरचे व्यापाऱ्यांचे व्हिडिओ बघत बसतात, दुकानाच्या पाटीवरचं, गाडीवरचं टिपून घेतात आणि लावून बघतात. दुसरं कुलूप असतं तर पासवर्ड कळूनही दारातच अडकले असते. आणि त्या वेळी तुमचा शैलेश कामावर होता, तिथल्या गेटवर नोंद आहे.

तुळशीरामाला शिडी आठवली, तालावर आकडे घेणारी पोरं आठवली. त्या दिवशी मांडव हसला म्हणून त्यानं दाराचं कुलूप काढलं होतं.

बाई कागद गोळा करत म्हणाल्या, की तुमचं नाव घेतल्यामुळं त्या मुलाला इथं बोलवावं लागलं, बाहेरच्या बाकावर बसून होता बिचारा. तुमचा कुणावर संशय आहे का, असं त्यालाही विचारलं. तो म्हणाला, घरताच्या घरातलं कुणी असं करणार नाही, मॅडम, चोर बाहेरचाच.

हे ऐकलं आणि तुळशीरामाची मान जी खाली गेली ती टेम्पोपर्यंत वर आली नाही. तिथं तो पाठीमागं उभा राहिला आणि स्वतःचाच टेम्पो परक्यासारखा वाचला. ज्याला त्यानं चोर म्हटलं त्यानं त्याच्या घराची बाजू राखली होती, आणि त्यानं स्वतः आपल्या घराची चावी गावभर मिरवली होती. परतीच्या वाटेवर सिग्नलला मागं कुणी थांबलं, की त्याच्या पाठीला घाम फुटायचा. प्रत्येक जण आपलीच अक्कल वाचतोय असं वाटायचं.

घरी येऊन त्यानं वेणूला सगळं सांगितलं. वेणू मासे साफ करत होती. तिचे हात थांबले, पण ती एवढंच म्हणाली, की आता पोराचं काय?

तुळशीरामानं फोन घेतला. त्याच ग्रुपवर, त्याच बटणावर बोट ठेवलं. दोनदा घसा साफ केला, दोनदा बोललेलं पुसलं. शेवटी म्हणाला, की चूक माझी झाली, शैलेशचा काही दोष नाही. पाठवलं, आणि वाट बघत बसला. पहिला संदेश अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना पाठवला होता. पाताळगंगेपलीकडच्या गावातल्या एका बँडवाल्यानंही फोन करून विचारलं होतं, की शेट, ऐकलं ते खरं का? या दुसऱ्या संदेशाला कुणीतरी नुसते जोडलेले हात पाठवले. त्यावर लगेच कुणाचं तरी शुभ सकाळचं फूल आलं, मग एका साउंडवाल्याची जाहिरात, आणि तुळशीरामाची माफी वर सरकत सरकत दिसेनाशी झाली. ती कुणी पुढं पाठवली नाही. कशाला पाठवतील? तिच्यात मीठमसाला काय होता?

त्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडं बघून वेणू म्हणाली, "लग्नाचा आमंत्रण कसा देतं आपून? फोनवर पत्रिका धाडली तर कोन येतं? दारान उभं राहून अक्षता द्याला लागतान. हा पन तसाच हाय. नि टेम्पोच घेऊन जा. तुजे तोंडावर कोनी इस्वास ठेवला नाय, तर लोकांना दाखव."

आमच्याकडं हे असंच आहे. पत्रिका कितीही भारी असो, घरचं माणूस उंबऱ्यावर येऊन बोलत नाही तोवर आमंत्रण झालं असं कुणी धरत नाही, आणि मान राखणारी माणसं येतही नाहीत. तुळशीरामानं शेकडो मांडव घातले होते, दारोदार फिरून सोयऱ्यांना बोलावलं होतं. आता तो दारोदार आपली चूक सांगत फिरू लागला.

आधी शिरढोण. प्रभाकरच्या उंबऱ्यावर त्यानं सांगितलं, की दोष शैलेशचा नाही, माझा. पासवर्ड माझ्या टेम्पोवर लिहिलेला होता, बघा. आणि गेलेल्या पैशाची काळजी करू नका, मांडव ठरल्याप्रमाणं पडेल. प्रभाकरनं बाहेर येऊन वाचलं आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तो हसला, पोट धरून. तुळशीरामानं ते हसणं सोसलं. पुढच्या दारी पोरांनी टेम्पोभोवती गोळा होऊन आकडा मोठ्यानं वाचला. एका म्हातारीला समजेना, तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. पनवेलात एका गिऱ्हाइकानं तर शेजाऱ्यांना बोलावून सांगायला लावलं. प्रत्येक उंबऱ्यावर वाटायचं, की आता सवय झाली असेल, आणि प्रत्येक उंबऱ्यावर जीभ तेवढीच जड व्हायची.

करंजा त्यानं शेवटी ठेवलं होतं. खरं तर त्याला तिथं जायचं धाडस होत नव्हतं, म्हणून आधी बाकीची दारं झाली. टेम्पो पाड्याच्या अरुंद रस्त्यात कसाबसा शिरला. दोन्हीकडं वाळत घातलेली मासळी, जाळी, आणि दारादारांत बायका. त्याला कुणी ओळखत नव्हतं, पण टेम्पो वाचला आणि सगळ्यांनी ओळखलं. बोलणी थांबली.

तो आधी काशिरामाच्या दारात गेला. काशिराम ओट्यावर जाळं शिवत होते, त्यांनी 'या' म्हटलं नाही. तुळशीरामानं उभ्यानंच सगळं सांगितलं. काशिराम उठले, टेम्पोमागं गेले, चष्मा नाकावर चढवून सावकाश वाचून आले.

"मंजे दार तुमी उघडा टाकला," ते म्हणाले, "नि चोर आमचा जावई?"

"व्हय."

"परत बोला. हिचे समोर बोला." त्यांनी आत हाक मारली. रिया बाहेर आली. प्रणितपेक्षाही लहान वाटत होती, आणि रडून तिचे डोळे सुजले होते. तुळशीरामानं तिच्यासमोर हात जोडले आणि पुन्हा सगळं सांगितलं, टेम्पो, आकडा, शिडी, काही वगळलं नाही. ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. काशिराम म्हणाले, पाणी घ्या, आणि मग त्यांच्याकडं जा. तारीख होती तीच राहील, म्हणून सांगा.

शैलेशचं घर चार दारं पुढं. त्याची आई गुणाबाई उरणच्या बाजारात मासळी विकायची, तिचा आवाज बाजाराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा. आज ती अगदी हळू बोलत होती. तिनं व्याह्याला खुर्ची दिली, स्नेहलनं पाणी आणलं. शैलेश कामावरून नुकताच आला होता, तो भिंतीशी उभा राहिला. तुळशीरामानं पाणी बाजूला ठेवलं आणि शैलेशकडं बघून सांगितलं. "चूक माझी. तू सांगितला होतास, मी ऐकला नाय. वर तुलाच चोर बोललो. मना माफ कर." शैलेश जमिनीकडं बघत म्हणाला, की राहू द्या, बाबा, झालं ते झालं.

गुणाबाईनं काशिरामाचा निरोप ऐकला. तिनं डोळे मिटून देवीचं नाव घेतलं. मग ती म्हणाली, की लग्न होईल आणि मांडव तुमचाच पडेल. दुसऱ्याचा पडला, तर पाड्यात लोक अजून बोलतील.

तुळशीरामाला केवढा धीर आला. तो खुर्चीतून उठलाच. मांडव माझा आहेर, विहीणबाई, तो म्हणाला, स्टेज, लाइट, फुलं, सगळं माझं. असा मांडव घालीन की करंज्यात कुणी पाहिला नसेल.

"नाय," गुणाबाई म्हणाली. ती आत गेली, फडक्यात बांधलेले पैसे घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवले. "आगाऊ घ्या. नि पावती द्या."

"विहीणबाई, मी तुमचेकडून पैसे घेऊ? आपून घरचे—"

"घरचे होतो तवा पावती नव्हती लागत," ती तशीच हळू म्हणाली. "उद्या कोनी बोलाला नको, का शैलेशनं मांडव फुकट खाल्ला. लिवून द्या."

त्यानं शैलेशकडं पाहिलं, तो भिंतीशीच होता. स्नेहलकडं पाहिलं, ती खाली बघत होती. मदतीला कुणी आलं नाही, आणि यावं असं त्यानं काय केलं होतं? तो पुन्हा खुर्चीत बसला आणि त्यानं खिशातून फोन काढला. पावती आता तिथूनच व्हायची, स्नेहलनंच तसं लावलं होतं. पडद्यावर कोड मागणारा चौकोन आला.

त्याच क्षणी चार हातांवर स्नेहलच्या हातातला फोन वाजला. तुळशीरामाच्यानं कोड मागवेना. तिनं फोन बघितला आणि रोज सकाळी सांगायची तशाच आवाजात सहा आकडे सांगितले. त्यानं एकेक करून टाकले. एक आकडा चुकला, तिनं तो पुन्हा सांगितला. दार उघडलं. नाव त्यानं घातलं शैलेश, गाव करंजा, काम लग्नाचा मांडव, आगाऊ रक्कम मिळाली. आणि पावती पाठवली.

शैलेशच्या खिशात फोन वाजला. त्यानं तो काढला.

"आली का रं?" आईनं विचारलं.

"आली."

"वाच."

शैलेशनं एकदा तुळशीरामाकडं पाहिलं. वाचायला नको, असं काहीतरी तो पुटपुटला. आई तशीच उभी राहिली. मग त्यानं वाचलं. आई एकविरा प्रसन्न, इथपासून मिळाले, धन्यवाद, इथपर्यंत, सगळं. दाराबाहेर शेजारच्या बायका उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. गुणाबाईला तेच हवं होतं. तुळशीरामाला ते कळलं आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला.

वाचून झाल्यावर स्नेहलनं विचारलं, की बाबा, कोड आता तुमच्या फोनवर करून देऊ का?

"नको," तो म्हणाला. "तुजेकडंच राहू दे." आणि तू घरी कधी येतेस, हे त्याच्या ओठांवर आलं होतं, ते त्यानं विचारलं नाही.

गुणाबाईनं पदरानं हात पुसले. "चला, हात धुवा, व्याहीबुवा," ती म्हणाली. "जेवल्याबिगर जायाचा नाय."

त्याच्या ताटाखाली पाट मांडला, ताटाभोवती रांगोळी ओढली, पापलेटचा मधला तुकडा त्याला वाढला. पहिल्यांदाच घरी आलेल्या परक्या माणसाला वाढतात तसं सगळं झालं, आग्रहही झाला. तुळशीराम खाली बघून जेवत राहिला.